वाण्याचे दोन टक्के आणि कार्डाचा एक टक्का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला राहता, घरात चार माणसं. गेल्या वर्षी क्रेडिट कार्ड घेतलंत. ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के कॅशबॅक, दुकानात एक टक्का, वर्षाची फी ९९९ रुपये आणि वर जीएसटी. बिल दर महिन्याला पूर्ण भरता. वर्षभरात ६,१४० रुपये कॅशबॅक जमा झाला. पण वाणी कार्डाला दोन टक्के जादा लावतो, सोनारानेही लावले, शाळेच्या फीवर ‘सुविधा शुल्क’ निघालं, पेट्रोलवर काहीबाही कापलं गेलं. आणि शेवटी विचारलंय की, एवढा कॅशबॅक मिळूनही हातात काही उरल्यासारखं वाटत नाही, तर दुकानदारांची तक्रार करू की कार्डच बंद करू?

मी सांगलीत दुकानांचे हिशेब लिहिते. किराणा, औषधं, कापड, दोन सोनार, एक पेट्रोल पंप. त्याआधी नऊ वर्षं एका बँकेसाठी हरभट रोड, गणपती पेठ, मिरजेची बाजारपेठ अशी पायपीट करून दुकानदारांच्या गल्ल्याशेजारी कार्डाची मशीन बसवली. त्यामुळे कार्ड पुढे करणारा काय बघतो आणि गल्ल्यावरचा काय बघतो, दोन्ही मला ठाऊक आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. प्रत्येक कार्डाच्या अटी वेगळ्या असतात आणि बँका त्या मनाला येईल तेव्हा बदलतात. म्हणून खाली मी टक्के सांगेन तिथे तुमच्या कार्डाचं अटींचं पान उघडून ताडून बघा. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

तक्रार करायची की नाही याकडे येतेच, पण आधी तुमचेच आकडे मांडू. तुम्ही लिहिलंय, किराणा महिन्याला ६,०००, शाळेची फी वर्षाला ३८,०००, सोनं एकदाच ८५,०००, पेट्रोल महिन्याला ३,०००. किराणा वर्षाचा ७२,००० झाला, त्यावर दोन टक्के म्हणजे १,४४०. सोनाराचे दोन टक्के १,७००. शाळेच्या फीवर १.२ टक्के शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ५३८. पेट्रोलचे साधारण ६५, ते कसे ते पुढे सांगते. कार्डाची फी जीएसटीसकट १,१७९. बेरीज करा: ४,९२२. सहा हजार एकशेचाळीस आले आणि चार हजार नऊशेबावीस गेले. उरले १,२१८. महिन्याला शंभर रुपये. तुम्हाला वाटत होतं ते खरंच आहे.

आता तेच वर्ष दुसऱ्या पद्धतीने. वाणी, सोनार, शाळा आणि पंप या चार ठिकाणी कार्ड काढलंच नाही, यूपीआयने पैसे दिले. तुमचं नुकसान किती? वाण्याकडचा एक टक्का कॅशबॅक बुडाला, जादा दोन टक्के धरून झालेल्या बिलावरचा, ७३४ रुपये. सोनं, शाळेची फी आणि पेट्रोल यांवर तुमच्या कार्डाने काही दिलंच नव्हतं. तुम्ही पाठवलेल्या यादीत हे तिन्ही प्रकार ‘कॅशबॅक लागू नाही’मध्ये आहेत. वाचले किती? ३,७४३. म्हणजे कार्ड तेच, फी तीच, घरखर्च तोच, आणि वर्षाअखेर १,२१८ ऐवजी ४,२२७ रुपये उरले असते. कार्ड वाईट नाही हो. ते चार चुकीच्या ठिकाणी घासलं गेलं, एवढंच झालं.

हे असं का होतं ते समजलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं, म्हणून इथे जरा थांबते.

तुम्ही दुकानात १०० रुपयांचं कार्ड घासता तेव्हा दुकानदाराच्या खात्यात १०० येत नाहीत. क्रेडिट कार्डाला साधारण दीड ते अडीच रुपये मध्येच कापले जातात. याला एमडीआर म्हणतात, बाजारात नुसतं ‘मशीनचं कमिशन’. व्यवहार २,००० रुपयांच्या वरचा असेल तर त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. या कमिशनचा मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, थोडा व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे अशा कार्डाच्या नेटवर्कला, थोडा मशीन बसवणाऱ्या बँकेला. तुम्हाला मिळणारा एक टक्का कॅशबॅक तुमच्या बँकेच्या वाट्यातून येतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि इथला आड म्हणजे दुकानदाराचा गल्ला.

आता वाण्याने ते दोन टक्के तुमच्याकडून मागितले की काय झालं बघा. आड तुम्हीच झालात. दोन रुपये तुम्ही घातले, त्यातला एक तुम्हाला ‘बक्षीस’ म्हणून परत आला. मेसेज मात्र अभिनंदनाचा येतो.

मग ऑनलाइनला पाच टक्के कुठून परवडतात, असं तुम्ही विचाराल. सगळे कमिशनमधून येत नाहीत. काही ब्रँड स्वतः भरतात, काही बिल वेळेवर न भरणाऱ्यांच्या व्याजातून आणि दंडातून निघतात. म्हणून तर तिथे महिन्याची कमाल मर्यादा असते आणि वगळलेल्या प्रकारांची लांबलचक यादी असते. दुकानदार जादा लावतो तो मात्र पूर्ण बिलावर, पहिल्या रुपयापासून आणि लगेच. कॅशबॅक पुढच्या बिलात येतो, मर्यादेत बसला तर येतो, प्रकार बरोबर असला तर येतो. काही कार्डांत तो पॉइंटांच्या रूपात येतो आणि एक पॉइंट म्हणजे चार आणे निघतात. वस्तू परत केली तर कॅशबॅक उलटा कापला जातो; जादा दिलेले दोन टक्के परत मागून बघा, मिळाले तर मला कळवा.

वाण्याची बाजूही ऐका. साबण-बिस्किटांवर त्याला बरं सुटतं, पण तेल आणि साखरेवर शेकडा दोन-तीन रुपये मिळाले तरी खूप. महिन्याच्या यादीत निम्मं बिल तेल, साखर, डाळ, तांदळाचंच असतं. त्यात दोन रुपये कमिशन गेलं की त्याने पोतं उचलण्याची मजुरी केली असं धरायचं. शिवाय लहान दुकानदार बहुधा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतो, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरून मोकळा होतो. त्याला कमिशनवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो कर त्याच्या करातून वळता होत नाही. म्हणजे दोन हजारांवरच्या बिलाला दोन टक्के कमिशन असेल तर त्याच्या खिशातून खरे २.३६ जातात. वर मशीनचं महिन्याचं भाडं. माझ्याकडच्या एका किराणावाल्यांनी मशीन बसवल्यावर तिसऱ्या महिन्यात मला बोलावून स्टेटमेंट पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, “वहिनी, हे कापलंय ते कुणाच्या बापाचं?” मीच बसवलेलं मशीन. उत्तर काय देणार, चहा घेतला आणि आले.

आता तक्रारीचं. नियम काय म्हणतो? मशीन देताना दुकानदार बँकेशी करार करतो, आणि कमिशन गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं नाही हे त्या करारात असतं. डेबिट कार्डाबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट लिहिलं होतं की दुकानदाराने जादा आकारणं मान्य नाही, आणि असं करणाऱ्या दुकानाशी संबंध तोडावेत. पुढे १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डाच्या कमिशनवर कमाल मर्यादा आली: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानाला ०.४० टक्के, बाकीच्यांना ०.९० टक्के. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर कमिशन शून्य. क्रेडिट कार्डाच्या कमिशनला मात्र अशी सरकारी मर्यादा नाही. ते बँक आणि दुकानदार आपसात ठरवतात.

यातून तुमच्या कामाची एक खूण मिळते. क्रेडिट कार्डाला दोन टक्के मागणारा दुकानदार नियम मोडतो, पण निदान खर्च झालेलेच पैसे मागतो. डेबिट कार्डालाही दोन टक्के मागणारा तुम्हाला बनवतोय, कारण त्याचं कमिशनच एक टक्क्याच्या आत असतं. आणि यूपीआयला जादा मागणाऱ्याशी बोलूच नका, बाहेर पडा.

तक्रार करायची असेल तर कुठे? तुमच्या बँकेकडे नाही. कार्डाच्या चिठ्ठीवर मशीन ज्या बँकेचं आहे तिचं नाव असतं, आणि एमआयडी म्हणजे दुकानाचा, टीआयडी म्हणजे मशीनचा, असे दोन नंबर असतात. ती चिठ्ठी आणि जादा रक्कम दिसेल असं बिल घेऊन त्या बँकेकडे लिहायचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. घोडं पेंड खातं ते बिलापाशी. जादा घेतलेले दोन टक्के कुणी बिलावर लिहीत नाही. लिहिले तर ती विक्रीच्या किमतीचाच भाग होते आणि त्यावर जीएसटी लावावा लागतो, हे दुकानदारालाही त्याच्या हिशेबनिसाने सांगितलेलं असतं. मीही सांगते. म्हणून ते नुसते तोंडी असतात, “मशीनचे दोन टक्के लागतील हं.”

माझं मत विचाराल तर गल्लीतल्या वाण्याची तक्रार करू नका. तो मशीन काढून टाकेल आणि तुमचं काम होणार नाही. मोठं शोरूम, साखळी दुकान, रुग्णालय असेल तर जरूर बोला. आमच्या नात्यात एकाला रुग्णालयातून सोडताना १,८०,००० च्या बिलावर कार्डाचे दोन टक्के मागितले. ३,६०० रुपये, तेही माणूस घरी न्यायच्या घाईत. मी काउंटरवर एवढंच म्हटलं की हरकत नाही, पण बिलात ‘कार्ड शुल्क’ अशी वेगळी ओळ घालून द्या. पाच मिनिटं आतबाहेर झालं आणि शुल्क गायब झालं. भांडावं लागलं नाही. बिलात लिहून मागणं हे एकच हत्यार मी आजवर वापरलंय आणि ते बऱ्यापैकी चालतं.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. दुकानदार ‘कार्डाला दोन टक्के जादा’ म्हणण्याऐवजी ‘रोख किंवा यूपीआयला दोन टक्के सूट’ म्हणाला की तो नियमात बसतो. तुमच्या खिशाला दोन्ही सारखंच. त्यामुळे कायदेशीर काय यात फार अडकू नका. दोन भाव आहेत आणि त्यातला कमी कुठला, एवढंच बघा. सूट मिळते पण बिल मिळत नाही, असं मात्र चालवून घेऊ नका. फ्रिज बिघडला की बिलाची किंमत कळते.

आता पेट्रोल. इथला प्रकार थोडा वेगळा आहे आणि लोकांचा हमखास गोंधळ होतो. पंपावर क्रेडिट कार्डाला जो एक टक्का सरचार्ज लागतो तो पंपवाला घेत नाही, बँक लावते. चिठ्ठी २,००० ची आणि बिलात २,०२३.६० दिसतात ते यामुळे: वीस रुपये सरचार्ज आणि ३.६० त्यावरचा जीएसटी. बहुतेक कार्डं तो सरचार्ज माफ करतात, म्हणजे वीस परत येतात, ३.६० मात्र परत येत नाहीत. तुमच्या ३६,००० वर ते ६५ रुपये झाले. माफीलाही बहुधा अट असते की व्यवहार ४०० रुपयांच्या वर आणि चार-पाच हजारांच्या आत हवा. स्कूटरमध्ये तीनशेचं टाकलंत तर पूर्ण सरचार्ज तुमचा. नोटबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये डिजिटल पैशांवर इंधनाला ०.७५ टक्के सूट आली होती, आणि लगेच जानेवारी २०१७ मध्ये एक टक्का कमिशनवरून पंपवाले कार्ड घेणंच बंद करायला निघाले होते. ती सूट क्रेडिट कार्डांसाठी १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. तेव्हापासून पेट्रोलचं खास कार्ड नसेल तर पंपावर क्रेडिट कार्ड काढायला काही कारणच उरलेलं नाही.

शाळेच्या फीचं सोपं आहे. पैसे भरायच्या पानावर कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय अशी निवड असते आणि प्रत्येकाचं शुल्क वेगळं असतं. तुम्ही शेवटचं बटण दाबण्याआधी एकदा तिन्हीवर बोट ठेवून रक्कम बदलते का ते बघा. विजेच्या बिलाचं तर उलटच आहे. महावितरण ऑनलाइन भरण्यावर ०.२५ टक्के सूट देतं, जास्तीत जास्त ५०० रुपये, आणि क्रेडिट कार्ड सोडून बाकी मार्गांना शुल्क नाही. २,४०० च्या बिलावर सहा रुपये. चहासुद्धा येत नाही, पण जात तरी नाहीत.

रेल्वेच्या तिकिटाला टक्का नसतो, ठरावीक रक्कम असते. आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क कार्डाने भरलं तर बिगर-वातानुकूलित तिकिटाला १५ आणि वातानुकूलितला ३० रुपये, यूपीआयने भरलं तर १० आणि २०, वर जीएसटी. हे माणशी नसतं, तिकिटामागे असतं. कार्डावर पेमेंट गेटवेचा आकार आणखी वेगळा लागू शकतो. चौघांचं तिकीट एकत्र काढा, चार वेळा काढू नका.

सोनाराकडे कार्डाचा मोह होतो तो ‘पैसे दीड महिन्याने द्यायचेत’ म्हणून. त्याची किंमत काढू. ८५,००० रुपये ४५ दिवस बचत खात्यात राहिले तर अडीच-तीन टक्क्यांनी फार तर तीनशे रुपये सुटतात. सोनाराने घेतले १,७००. माझ्या दोन्ही सोनारांकडे मी बघते, कार्ड पुढे आलं की घडणावळीत जी पाच-सातशेची सूट देणार असतात तीही गिळतात. म्हणजे दोन टक्के दिसतात, न मिळालेली सूट दिसत नाही.

इथे माझी स्वतःची फजिती सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी वॉशिंग मशीन घ्यायला गेले. दारातच पाटी होती की अमुक कार्डावर दहा टक्के सूट. कार्ड पर्समध्ये होतंच. २७,५०० भाव, सूट कमाल १,५०० पर्यंत, म्हणून २६,००० ला घेऊन घरी आले आणि खूश. पुढच्या आठवड्यात त्याच दुकानातून तेच मॉडेल आमच्या जाऊबाईंनी खात्यातून थेट पैसे पाठवून २५,२०० ला आणलं. त्यांनी आधी घासाघीस केली आणि मग पैसे कसे देणार ते सांगितलं. मी हिशेब लिहिणारी बाई, आणि दुकानात शिरल्या शिरल्या कार्ड दाखवून बसले. तेव्हापासून मी आधी यूपीआयचा भाव विचारते, तो ठरला की मग विचारते, “आणि कार्डाने?” दुसरं उत्तर पहिल्याइतकंच आलं तर कार्ड. बिनव्याजी हप्त्यांनाही हेच लावा. व्याज कुठेतरी किमतीत असतंच, त्यावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडून जाते, आणि बऱ्याच कार्डांत हप्त्यांच्या खरेदीवर कॅशबॅक नसतो.

आता तुम्ही विचारलं नाही पण तुमच्या आकड्यांत दडलेलं एक प्रकरण. तुमच्या कार्डाची फी वर्षाला दोन लाख खर्च केला तर पुढच्या वर्षी माफ होते. या वर्षी तुमचा खर्च तीन लाख एकोणचाळीस हजारांच्या आसपास गेला, म्हणजे पुढची फी माफ. पण मी सांगते तशी चार ठिकाणं कार्डावरून काढली तर उरतो फक्त ऑनलाइनचा १,०८,०००. मग फी माफ होणार नाही आणि १,१७९ रुपये भरावे लागतील. कार्डवाल्यांचा सगळा जीव या अटीत असतो, आणि लोक तिथेच सापडतात: “दोन लाख करायचे आहेत, मग सोनं कार्डावरच घेऊ.”

म्हणून पुढच्या वर्षीचा हिशेब दोन्ही बाजूंनी करून बघितला. सगळं कार्डावर ठेवलं आणि फी माफ झाली, तर ६,१४० वजा ३,७४३, उरले २,३९७. चार ठिकाणं यूपीआयवर नेली आणि फी भरली, तरी उरतात ४,२२७. अकराशेएकोणऐंशी वाचवायला सदतीसशे घालवायचे हा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला. दोन लाख पूर्ण करायचेच असतील तर जिथे जादा लागत नाही अशा खर्चाने करा. सुपरमार्केट, मोठी औषधांची दुकानं, कपडे, हॉटेल. महिन्याच्या किराण्यातला कोरडा माल सुपरमार्केटमधून घेतला तर तो एक टक्काही मिळेल आणि रक्कमही मोजली जाईल. पण तिथे गेलं की यादीत नसलेलं काय काय पिशवीत येतं, तो हिशेब तुमचा तुम्ही करा. तुमचा वाणी घरपोच देतो, महिनाअखेरीला उधार ठेवतो, डाळीला किडा लागला तर बदलून देतो. त्याची किंमत मला दुरून काढता येणार नाही.

‘मोजली जाईल’ असं म्हटलं त्यात एक गोम आहे. दुकान कुठल्या प्रकारात मोडतं हे तुमची बँक पाटी बघून ठरवत नाही. मशीन देताना प्रत्येक दुकानाला चार आकडी कोड दिला जातो. ५४११ म्हणजे किराणा आणि सुपरमार्केट, ५५४१ पेट्रोल पंप, ५९४४ दागिने, ८२११ शाळा, ४९०० वीज-पाणी. कॅशबॅक द्यायचा की नाही हे हा कोड ठरवतो. मिरजेच्या एका किराणावाल्याकडे एक बाई दर महिन्याला कार्ड घासायच्या आणि किराण्याचा कॅशबॅक कधी यायचा नाही. त्यांनी स्टेटमेंट आणून दाखवलं, मी मशीनची कागदपत्रं काढली, तर कोड ५९४४. त्या गाळ्यात आधी सराफी दुकान होतं आणि नवा अर्ज भरताना कुणीतरी जुन्याची नक्कल केली होती. अर्ज पुन्हा भरला, दोन आठवड्यांनी कोड बदलला. तोपर्यंत बाईंची साखर बँकेच्या लेखी सोन्यात जमा होत होती! तुमच्या कार्डाच्या ॲपमध्ये व्यवहारासमोर प्रकार लिहिलेला असतो. नव्या दुकानात मोठी खरेदी करण्याआधी लहान रकमेचं एकदा घासून बघा आणि तिथे काय उमटतं ते वाचा.

शेवटचा मार्ग, जो तुमच्या वाण्यालाही पटेल. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. दुकानातला क्यूआर स्कॅन करायचा, खातं निवडताना बँकेऐवजी क्रेडिट कार्ड निवडायचं. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर कमिशन पडत नाही, त्यामुळे जादा मागायला कारण उरत नाही. त्याचा क्यूआर व्यापारी खात्याचा असला पाहिजे. भाजीवाल्या मावशींच्या मुलाच्या स्वतःच्या खात्याचा असेल तर क्रेडिट कार्ड तिथे चालत नाही. आणि सगळी कार्डं यूपीआयवरच्या खर्चाला कॅशबॅक देत नाहीत. काही पूर्ण देतात, काही अगदीच किरकोळ. तुमचं आत्ताचं कार्ड रुपे नसेल तर फक्त यासाठी दुसरं घ्यायची घाई करू नका. बिनफीचं मिळत असेल आणि अटींत ‘यूपीआय व्यवहार वगळून’ असं लिहिलेलं नसेल, तर विचार करा.

व्याजाबद्दल एकच वाक्य, कारण तुम्ही पूर्ण बिल भरता: ज्या महिन्यात थोडं जरी बाकी ठेवाल त्या महिन्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दराने, खरेदीच्या तारखेपासून व्याज सुरू होतं आणि वरचा सगळा हिशेब फाडून टाकावा लागतो.

तर तुमच्या जागी मी असते तर कार्ड ठेवलं असतं, ऑनलाइन खरेदी त्यावरच चालू ठेवली असती, महिन्याची कमाल मर्यादा भरली की थांबले असते, आणि त्या चार ठिकाणी पाकिटातून बाहेर काढलं नसतं. वाण्याशी भांडण नाही, सोनाराशी घासाघीस मात्र जरूर. पुढच्या वर्षी फीची वेळ आली की बँकेला फोन करून फी माफ करता का, नाहीतर कार्ड बंद करते, असंही म्हणून बघितलं असतं. नेहमी जमत नाही, पण माझं दोनदा जमलंय.

आणि तुमच्या वाण्याला एकदा सहज विचारा की मशीनचं भाडं किती पडतं. माझ्या वाण्याने मागच्या वर्षी ते परतच केलं. त्याआधीही मी कार्ड काढलं की तो पोत्यामागे मशीन शोधायला लागायचा, आणि सापडलं तरी ते चार्ज केलेलं नसायचं.